म्युझियमच्या दारातलं टोकन

म्युझियम पाहून माणूस शहाणा होतो म्हणतात. आम्ही चौघं गेले पाच-सहा हिवाळे म्युझियमं पाहत फिरतोय. शहाणपण काही आलेलं नाही, किस्से मात्र ढिगाने जमले! कोणाच्या घरी चहाला बसलो की एकाने एक काढायचा, दुसऱ्याने त्याला दुसरा जोडायचा, तोवर चहा थंड. आजकाल ते सांगायचं काम माझ्या एकट्यावर आलं आहे. कारण बहुतेक किस्से ज्याचे आहेत, त्याला ते आता आठवत नाहीत.

तो म्हणजे मेश्रामभाऊ. जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत सुतार होते, उभा जन्म तिथे काढला. मी त्याच फॅक्टरीत ऑफिसात क्लार्क. तिसऱ्या विमलवहिनी, भाऊंची बायको, माहेर आंधळगावचं. चौथे गभणे गुरुजी, चित्रकलेचे रिटायर्ड मास्तर. घरी धानाची शेती, आणि दारात एक जुनी व्हॅन. मळणी आटोपली की गुरुजी मोकळे होतात. थंडी पडली की व्हॅन निघते. कधी नागपूर, कधी पवनी, कधी एखाद्या कॉलेजातलं दोन खोल्यांचं संग्रहालय, कधी कुणाचं चित्रप्रदर्शन. डबा वहिनींचा, गाडी गुरुजींची, आणि फुकटचे सल्ले माझे.

* * *

पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. म्युझियमच्या दारात गार्ड स्टुलावर ऊन खात बसला होता. मेश्रामभाऊंनी खिशातून बिडीचा कट्टा काढला, काडेपेटी काढली, दोन्ही वस्तू त्याच्या टेबलावर ठेवल्या आणि हात वर करून उभे राहिले!

गार्ड घाबरला. "काय झालं काका?"

"चेक करा ना जी."

"इथं चेकिंग नसते."

भाऊंचे हात काही खाली येईनात. "मंग आत सोडता कसे?"

शेवटी त्या बिचाऱ्याने दोन्ही खिसे चाचपले, तेव्हा कुठे भाऊ आत गेले. रजिस्टरमध्ये नाव लिहायची वेळ आली, तर लिहिलं, 'मेश्राम, टोकन नंबर ४१७.' रिटायर होऊन चार वर्षं झाली होती.

टोकनाचं त्यांना फारच होतं. आमच्याकडे कामावर शिरताना दारातल्या बोर्डावरून आपलं पितळी टोकन काढून घ्यायचं, निघताना परत खिळ्याला लटकवायचं. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत. सगळे खिळे भरल्याशिवाय दाराला कुलूप लागत नाही. म्युझियमच्या बॅग काउंटरवरही असाच एक बोर्ड असतो. निघताना भाऊ त्याच्यासमोर उभे राहून खिळे मोजत, मगच पायऱ्या उतरत. आम्ही व्हॅनमध्ये हॉर्न वाजवत बसायचो.

* * *

दुसरा किस्सा तांब्याच्या छिन्न्यांचा. काचेच्या कपाटात हिरव्या पडलेल्या छिन्न्या, कुऱ्हाडी मांडल्या होत्या. म्युझियमच्या मॅडम कॉलेजच्या पोरांना माहिती सांगत होत्या. भाऊ बराच वेळ काचेला नाक लावून उभे होते. एकदम मला म्हणाले, "बोरकर, या जुन्या लोकाईच्या टायमालेबी डेंजर बिल्डिंग होती!"

आता हे आमच्याच माणसाला सुचणार. जिथे स्फोटक दारू हाताळतात त्या 'डेंजर बिल्डिंग'मध्ये लोखंडाचं हत्यार चालत नाही. हातोडी, पाना, सगळं पितळेचं नाहीतर तांब्याचं. ठिणगी पडू नये म्हणून.

मॅडम हसून म्हणाल्या, "नाही काका, तेव्हा लोखंडाचा शोधच लागला नव्हता."

भाऊंनी मान डोलावली. पण पटलं नव्हतं. थोड्या वेळाने परत आले आणि अगदी हळू म्हणाले, "मॅडम, त्याईचं कोनी आधी जळलं असन. कोनी जळल्याबिगर असा नियम बनत नाही."

मी इतकी वर्षं त्या नियमांची परिपत्रकं टाइप केली, माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं.

* * *

गुरुजींचंही एक सांगून टाकतो, नाहीतर ते सुटले असं होईल. विष्णूच्या मूर्तीच्या दालनात शिरताना गुरुजींनी दाराशी बूट काढले. ते पाहून वहिनी म्हणाल्या, "आमचे भगवान बुद्ध बाजूच्याच खोलीत हायेत. मंग आमीबी काढतो." चौघांचे जोडे दाराशी. गार्ड म्हणाला, "अहो, हे देऊळ नाही."

"देऊळ नाही, पन देव तं तेच हायेत ना?" गुरुजी म्हणाले.

डिसेंबरची फरशी म्हणजे बर्फाची लादी! आठ दिवस चौघंही शिंकत होतो. तेव्हापासून वहिनींच्या कापडी पिशवीत लोकरीच्या मोज्यांचे चार जोड असतात. आमच्यात त्यांचं नावच 'म्युझियमचे मोजे'.

त्याच दिवशी बाहेर आलो तर मेश्रामभाऊंच्या एका पायात स्वतःचा बूट, दुसऱ्यात गुरुजींचा. वर भांडायला तयार! "माहाच हाय. मले वळखू येत नाही का माहा जोडा?" आम्ही पोट धरून हसलो. पुढल्या चौकात बूट बदलून घेतले आणि चहा प्यालो.

वहिनी मात्र हसल्या नव्हत्या. घरात काय चाललंय ते त्यांना आधीच ठाऊक होतं. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

* * *

त्यानंतर डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, औषधाने थोडं लांबेल, थांबणार नाही. जुन्या ओळखीच्या वस्तू दाखवत राहा. वहिनींनी ते वाक्य पक्कं धरलं. "जुन्या वस्तू कुठी असतेत? म्युझियमात," त्या म्हणाल्या. तोवर आम्ही हौसेने फिरत होतो. आता व्हॅन वहिनींच्या आशेवर निघू लागली.

एकदा परत येताना भाऊंना झोप लागली होती. वहिनी पुढे वाकून मला म्हणाल्या, "भाऊजी, नातवाईचे नावं गेले, जाऊ द्या. घराचा रस्ता गेला, मी हात धरून नेईन. एकच भेव वाटते. मलेच विसरले तं?"

मी म्हणालो, "काहीतरीच काय वहिनी!" आणि खिडकीबाहेर पाहत बसलो.

* * *

त्या हिवाळ्यात आम्ही एका कॉलेजाचं शेतकी संग्रहालय पाहायला गेलो. भिंतीवर एक वस्तू उलटी टांगलेली, खाली चिठ्ठी, 'टोपली'. वहिनी खवळल्या. "टोपली? अवो सर, हा मोरा होय, मोरा!"

तिथले प्राध्यापक भले होते. त्यांनी तो खाली उतरवून दिला. बांबूच्या कामट्यांत पळसाची पानं बसवलेला. भर पावसात धानाचा रोवणा करताना बाया तो डोक्यावरून पाठीवर घेत. वहिनींनी मोरा पाठीवर घेतला आणि त्या चकचकीत फरशीवर कमरेत वाकून रोवणा लावून दाखवू लागल्या. एक रोप, दुसरं रोप, पाऊल मागे.

मेश्रामभाऊ दिवसभर एक शब्द बोलले नव्हते. ते चालत वहिनींजवळ गेले, वर छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "विमल, पानी थांबलं. काढ आता तो मोरा."

किती महिन्यांनी नाव घेतलं असेल! वहिनी वाकल्या त्या वाकल्याच. वर काही येईनात. प्राध्यापक घाईने म्हणाले, "ताई, कंबर धरली का?"

"हो जी," मोऱ्याखालून आवाज आला, "कंबरच धरली."

* * *

पुढल्या हिवाळ्यात पवनीच्या खोदकामात सापडलेले बौद्ध स्तूपाचे दगड पाहिले. एका खांबावर अक्षरं कोरलेली. तिथल्या माणसाने सांगितलं, हे दान देणाऱ्या बाईचं नाव आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचं. गुरुजींनी लगेच वही काढून ती अक्षरं उतरवायला घेतली. वहिनींनी हात जोडले आणि भाऊंचेही जोडून दिले.

निघताना म्हणाल्या, "पाहा भाऊजी. कोन कुठची बाई, दोन हजार वर्सं तिचं नाव टिकलं. माहं माह्याच घरात टिकून नाही राह्यलं."

त्या दिवशी डबा तसाच परत आला.

* * *

आणि हा या जानेवारीतला.

सकाळी व्हॅन भंडाऱ्याहून निघाली. धुकं होतं, गुरुजी हळू चालवत होते. मागच्या सीटवर भाऊ आणि वहिनी. भाऊ बराच वेळ वहिनींकडे पाहत होते. मग अगदी अदबीने म्हणाले, "बाई, तुमी कोन्या गावच्या?"

"आंधळगावची," वहिनी म्हणाल्या.

"आंधळगाव!" भाऊंचा चेहरा उजळला. "माही सासरवाडी थेथंच हाय. मंग माह्या बायकोले वळखत असान तुमी?"

वहिनींनी त्यांच्या गळ्याचा मफलर नीट केला. "हो जी. वळखते."

नागपूर येईपर्यंत त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं.

म्युझियममध्ये वहिनींनी मोज्यांची पिशवी काउंटरवर ठेवली आणि टोकन घेतलं. त्यांचं मन कशातच नव्हतं. चार-सव्वाचार वाजता मला म्हणाल्या, "भाऊजी, यायच्याकडं लक्ष ठेवजा. मी गाडीतच बसन." मी बरं म्हणालो. मग मी, गुरुजी आणि भाऊ चित्रांच्या दालनात फिरत राहिलो. सव्वापाचला घंटा झाली, लोक निघाले, आम्हीही निघालो. काउंटरवरचा माणूस आवराआवर करून गेलेला. गार्डाने शटर ओढायचा हूक हातात घेतला होता.

मी आणि गुरुजी पायऱ्या उतरलो. मागे पाहतो तर मेश्रामभाऊ दारातच.

"काका, निघा. बंद करायचं आहे," गार्ड म्हणाला.

भाऊ काउंटरच्या बोर्डाकडे बोट दाखवत होते. "एक खिळा रिकामा हाय."

"असेल. कोणी टोकन घेऊन गेलं असेल. ती पाहा पिशवी पण पडली आहे. लोक विसरतात हो, उद्या येऊन नेतील."

"खिळा रिकामा हाय म्हंजे मानूस आत हाय."

"मी सगळं पाहून आलो काका. कोणी नाही."

पिशवीकडे न पाहताच मी वर जाऊन त्यांचा दंड धरला. "चला भाऊ, वहिनी गाडीत वाट पाहत आहेत." त्यांनी माझा हात झटकला. असं कधी करत नाहीत. आणि ते सरळ उंबरठ्यावर, बरोबर शटरच्या खाली, मांडी घालून बसले.

गार्डही वैतागला. "बरं, कोण आहे आत? नाव सांगा, मी हाक मारतो."

भाऊ आठवू लागले. कपाळाला आठ्या घातल्या, ओठ हलवले, दोन-तीनदा तोंड उघडलं. काही येईना. डोळ्यांत पाणी आलं. "नाव नाही मालूम," ते म्हणाले. "पन आमच्यातलं हाय. आमच्यासंगंच आलं होतं. तुमी लावू नोका."

तेवढ्यात खालून गुरुजींचा आवाज आला. "बोरकर, वहिनी गाडीत नाहीत!"

गार्डाने हूक खाली ठेवला आणि तो आत पळाला. दालनांतले दिवे परत एकेक लागत गेले. शेवटचा दिवा बुद्धाच्या मूर्तीच्या खोलीत लागला. वहिनी तिथे भिंतीमागच्या कोपऱ्यात खाली बसून होत्या. गाडीकडे जाता जाता घटकाभर टेकल्या, आणि तिथेच त्यांचा डोळा लागला होता. गार्डाच्या मागून शाल सावरत त्या लांबच लांब दालनातून चालत आल्या. पायात मोजे नव्हते.

भाऊ उंबरठ्यावरून उठले. पँट झटकली, सरळ उभे राहिले आणि हात पुढे केला.

"टोकन?"

वहिनींनी मूठ उघडली. टोकन घट्ट धरल्याने तळहातावर गोल वळ उठला होता. भाऊंनी ते घेतलं, त्यावरचा नंबर पाहिला, बोर्डावर त्याच नंबरचा खिळा शोधला आणि टोकन लटकवलं. मग बोट फिरवत पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे खिळे मोजले.

आणि गार्डाला म्हणाले, "आता लावा. सारे आले."