लट्टूचा दुखवटा

माझं लग्न एका पत्र्याच्या डब्याच्या मरणामुळं जमलं.

डब्याचं नाव लट्टू. तो 'ध्रुवयान' नावाच्या मालिकेत होता. मी शाळेत असताना ही मालिका पहिल्यांदा लागली, तेव्हा अख्ख्या तीर्थपुरीत टीव्ही मोजकेच. पडद्यावर अंतराळ कमी आणि मुंग्या जास्त दिसायच्या. एक जण गच्चीवर अँटेना फिरवायचा, खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" त्या मुंग्यांतून लट्टू डुलत डुलत यायचा. तो यंत्रमानव होता, पण तुपाच्या डब्यापासून बनवलेला आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. (एका भागात तर डब्याखालून आतल्या माणसाची चप्पल दिसली होती. आम्ही ती अंतराळातली चप्पल समजून आदरानं पाहिली.)

पुढं बऱ्याच वर्षांनी, मी त्याच गावात शास्त्राचा मास्तर झाल्यावर, 'ध्रुवयान' नव्यानं काढलं. नवे नट, नवं यान, रंगीत अंतराळ. आणि नवा लट्टू! चकचकीत, सडपातळ, इंजेक्शनच्या सुईसारखा. आम्ही जुने भक्त खवळलो. शाळेच्या स्टाफरूममध्ये, पानटपरीवर, दाढी करताना, दर सोमवारी एकच विषय.

"ह्याला लट्टू म्हणायचं का? हा तर थर्मास हाय!"

"जुन्याच्या चालीत वजन व्हतं, सर. पत्र्याचा आवाज यायचा बराबर."

"म्या तर बघणंच बंद करणार बगा."

असं म्हणणारा प्रत्येक जण रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला टीव्हीपुढं असायचा. त्यात मी सगळ्यात पुढं. शिव्या द्यायच्या तर नीट बघून द्याव्यात, एवढी शास्त्रीय वृत्ती माझ्यात होती.

आता खरी अडचण. माझं लग्न जमत नव्हतं. तिशी उलटली होती, डोक्यावरचे केस मागं सरकत होते आणि पोट पुढं सरकत होतं. बऱ्याच ठिकाणांहून 'कळवतो' असा निरोप आला होता आणि कुणी काही कळवलं नव्हतं. आईनं सोमवार धरले होते. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, माझ्याकडं बघणंच सोडून दिलं होतं. अशात आमच्या किसनदाजींनी, माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं, केदारखेड्याचं एक स्थळ आणलं. मुलगी सुनंदा, बी.ए. झालेली, घर चांगलं. मुलीचे वडील बापूराव आणि त्यांची थोरली बहीण सुभद्राआत्या रविवारी आमचं घर बघायला येणार होते.

"आखरीचं स्थळ समज," दाजी म्हणाले. "ह्याच्यापुढं मला बी कोणी घरात घेईना."

आबांनी फर्मान काढलं, "पाव्हणे बाराला येतील. साडेदहाला टीव्ही बंद. दाढी, आंघोळ, शर्ट. बिलकुल गडबड नको."

हिशोब बरोबर होता. केदारखेड्याहून जालना आणि जालन्याहून तीर्थपुरी म्हणजे बस, मग जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली तरी आणखी चार माणसं टांगल्याशिवाय हलत नाही. बाराचे एक होणार, हे गृहीतच होतं. त्या दिवशी मात्र जीप स्टँडवर लागताच भरली आणि भरताच निघाली! आमच्या भागाच्या इतिहासात असं पुन्हा घडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

इकडं दहा वाजले. आमची अँटेना चांगली, म्हणून शेजारच्या गयाकाकू आणि गल्लीतली आणखी मंडळी नेहमीप्रमाणं आमच्याकडं जमली. मी बनियनवर, दाढी न केलेला, सतरंजीच्या पहिल्या रांगेत.

आणि त्या भागात त्यांनी लट्टूला मारलं!

यान सूर्याकडं ओढलं जात होतं. इंजिन बंद. सगळे मरणार. तेव्हा तो नवा लट्टू, तो थर्मास, ज्याला मी महिनोन्महिने शिव्या घातल्या होत्या, त्यानं आपली छाती उघडली, आतली बॅटरी काढली आणि इंजिनात बसवली. मग पाय दुमडून कोपऱ्यात बसला. डोळ्यांतले दिवे मंद होत गेले. शेवटच्या क्षणी त्यानं जुन्या लट्टूसारखी मान डोलवली. अगदी तश्शीच!

मी ढसाढसा रडलो. खोटं कशाला सांगू, हुंदके दिले. गयाकाकूंनी पदर डोळ्याला लावला. "मेल्यांनो, चांगल्याच्याच मुळावर उठता!" असं त्या टीव्हीला म्हणाल्या, आणि टीव्हीनं मनाला लावून घेतल्यासारखी त्याच क्षणी लाईट गेली.

अंधारल्या खोलीत, काळ्या पडद्यासमोर, आम्ही सगळे रडत बसलो होतो. दारात चपला वाजल्या.

बापूराव आणि सुभद्राआत्या. कडक इस्त्रीची टोपी, नवं लुगडं, हातात पेढ्यांचा पुडा. दाजी पान खायला स्टँडवरच थांबलेले.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. दुखवट्याच्या घरी गेलं की राम राम घालत नाहीत. 'कोण गेलं' असं तोंडावर विचारत नाहीत, चहापाणी घेत नाहीत. गुपचूप खाली बसायचं, मान घालायची, आणि उठताना 'येतो' म्हणायचं नाही. बापूराव रीतीचे पक्के. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं, पेढ्यांचा पुडा हळूच पिशवीत सरकवला आणि एक शब्द न बोलता सतरंजीच्या कडेला बसले.

आबा आतून घाईघाईनं आले. हात जोडून, हसून म्हणाले, "राम राम, पाव्हणं!"

बापूरावांनी राम राम घेतला नाही. फक्त मान हलवली आणि खाली बघितलं.

आबांचा चेहरा पडला. पहिल्या मिनिटालाच पाहुणे नाराज! त्यांचाही दोष नव्हता. समोर नवरदेव म्हणून बनियनवरचा, डोळे सुजलेला, नाक ओढणारा इसम बसला होता. आबा खचून खाली टेकले. पंखा बंद, उकाडा मरणाचा. त्यांनी टोपी काढली आणि उपरण्यानं तोंड पुसलं. घाम पुसला हो! पण बापूरावांना वाटलं, म्हातारा आसवं पुसतोय. त्यांनी आबांच्या पाठीवर हात ठेवला. आबांना वाटलं, नकार देण्याआधी पाठ थोपटताहेत. आबांनी आणखी जोरात तोंड पुसलं.

आईनं पोह्यांच्या बशा आणल्या.

"नको वो माय," आत्या कळवळून म्हणाल्या. "आशा वख्ताला घास उतरंल का?"

पोह्यालासुद्धा नकार! आई बशा घेऊन आत गेली आणि चुलीपुढं बसून खरोखर रडायला लागली.

"माउलीला आवरा कोणी तरी," बापूराव हळूच म्हणाले.

आत्या गयाकाकूंकडं सरकल्या. बायकांना दबक्या आवाजात विचारायची मुभा असते.

"लई सोसलं का?"

"न्हाई वो," गयाकाकू नाक पुसत म्हणाल्या. त्या अजून सूर्याजवळच होत्या. "एका घडीत आटपलं. पर जाता जाता सगळ्यायला वाचवून गेला. सोताचं काळीज काढून देलं त्यानं!"

"काळीज?" आत्यांनी गालावर हात ठेवला. "किडनी देत्यात आसं ऐकलं व्हतं..."

"काळीजच. आन् आम्ही मेले त्याला नावं ठेवायचो."

"मागं लेकरंबाळं?"

"कुठली वो! लगीनच नव्हतं झालं."

झालं! आत्यांनीही पदर तोंडाला लावला. आता रडणाऱ्यांत पाहुणेही सामील झाले.

एव्हाना मी डोळे पुसून थोडा माणसात आलो होतो. पाहुणे आले आहेत आणि माझ्या अंगात शर्ट नाही, एवढं कळलं होतं. उठणार तोच बापूराव माझ्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धीर धरा, सर. आपल्या हातात काय हाय? आता वरीसभर हा इषय काढायचा न्हाई."

वरीसभर! वर्षभरात माझे उरलेले केसही गेले असते. मी गयावया करत म्हणालो, "बापूराव, वर्ष फार होतं हो. जल्दी काही जमणार नाही का?"

बापूराव दचकून मागं सरले. घरात माणूस गेलंय आणि ह्याला लग्नाची घाई! त्यांनी आत्यांकडं बघितलं, आत्या उठल्या, आणि दोघंही 'येतो' न म्हणता दाराकडं निघाले.

"गेले," आबा भिंतीला म्हणाले. "येतो बी म्हनले न्हाईत."

तेवढ्यात दारात किसनदाजी! तोंडात पान, ओठ लाल, आवाज पाटातल्या पाण्यासारखा मोकळा.

"राम राम, राम राम! जमलं का? तारीख धरायची का मंग?"

बापूरावांनी त्यांच्याकडं असं बघितलं की दाजींनी पान गिळलं.

"किसनराव, लाज वाटती का काई? दुखवट्याचं घर हाय."

"दुखवटा? कोनाचा?" दाजींनी घरात बोट फिरवलं. "आबा हितं हायेत. सासूबाईचा आवाज येऊन राह्यला. नवरदेव ह्यो, बनियनवर. गेलं कोन?"

आणि त्याच क्षणी लाईट आली. पंखा गरगरला, आणि बंद करायचा राहिलेला टीव्ही पूर्ण आवाजात कोकलला. साबणाची जाहिरात! पाच-सहा बायका धुतलेल्या साड्या फडकवत नाचत होत्या.

"दुखवट्याच्या घरात टीव्ही?" आत्यांनी छातीला हात लावला.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी टीव्ही बंद केला. मग इलाज नव्हता.

"कुणी गेलं नाही," मी म्हणालो. "म्हणजे... लट्टू गेला."

"कोन लट्टू?" बापूराव.

"यंत्र आहे. मालिकेतलं. म्हणजे आधी डबा होता, आता..."

"थर्मास," गयाकाकूंनी मदत केली.

सगळे सतरंजीकडं असे बघायला लागले की खऱ्या दुखवट्यातही बघत नाहीत. आबांनी टोपी पुन्हा घातली. बहुधा मला हाणायला पायतान शोधायचं, तर हात मोकळे हवे होते.

"तुमी शाळंत लेकरायला काय शिकवता, सर?" बापूरावांनी फार सावकाश विचारलं.

"शास्त्र."

"चल, आक्का," बापूराव म्हणाले. "जीप भेटंल."

माझं आयुष्य त्या उंबऱ्यावर उभं होतं. बापूरावांचा एक पाय बाहेर, एक आत. आईनं स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडं बघितलं. त्या नजरेपुढं मला वाटलं, लट्टूऐवजी मीच सूर्यात पडलो असतो तर बरं झालं असतं.

पण आत्या जागच्या हलल्या नाहीत. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होत्या. मग म्हणाल्या, "बापू, बस खाली."

"आक्का, ह्या येड्यापाशी?"

"बस म्हनते ना. माझ्या मालकाची सोताची माय गेली, तव्हा ते घरात येऊन मला पयला शब्द काय बोल्ले, ठाव हाय का? म्हनले, कालवन काय केलंस? तेहतीस वर्सं संसार केला, त्या माणसाच्या डोळ्यात म्या पाणी पाह्यलं न्हाई. म्या आजारात मरून राह्यले व्हते तव्हा बी न्हाई." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्यो डब्यासाठी रडतो. आपली सुनंदा तर माणूस हाय."

बापूरावांनी टोपी काढली. ती दोन्ही हातांत एकदा फिरवली. मग बाहेरचा पाय आत घेतला.

"तरी बी आक्का..."

"पोहे आणा वो माय," आत्या आतल्या दिशेनं म्हणाल्या. "घास उतरंल आता."

मी आजवर पुष्कळांचे उपकार घेतले, पण त्या बशीभर गार पोह्यांइतके कुणाचे नाहीत. सुपारी त्याच महिन्यात फुटली. आत्या होत्या तोवर दर दिवाळीला मी लुगडं घेऊन त्यांच्या पाया पडायला गेलो, आणि दर वेळी त्या विचारायच्या, "मंग, औंदा कोन गेलं सर?" त्या गेल्या तेव्हा मी रडलो, तर जमलेले पाहुणे मला ओळखत असल्यामुळं एकानं हळूच खात्री करून घेतली, "आत्यासाठीच ना?"

एक राहिलं. सुपारीनंतरच्या रविवारी लट्टू जिवंत निघाला! म्हणे त्याच्या पायात दुसरी बॅटरी होती. गावात संतापाची लाट उसळली. टपरीवर सगळे म्हणाले, ही जुन्या भक्तांची शुद्ध फसवणूक आहे. मी एकटा गप्प होतो. माझा सगळा संसार त्या फसवणुकीवर उभा राहणार होता, मी कोणत्या तोंडानं बोलू? संध्याकाळी बापूरावांचा फोन आला. म्हणजे तोवर केदारखेड्यातही 'ध्रुवयान' बघणं सुरू झालं होतं.

"सर, त्यो जित्ता हाय म्हनं?"

"हो."

"मंग म्या दुखवट्याला कामून बसलो व्हतो?"



सुनंदाला मात्र आत्यांच्या पारखीबद्दल शंका आहे. परवा लेकीनं विचारलं, "आई, बाबांमध्ये आत्याआजीनं काय बघितलं गं?" मी पेपर जरा खाली घेतला, कौतुक ऐकायला.

"डोळ्यातलं पाणी," सुनंदा भाजी निवडत म्हणाली. "खरं हाय ते. मऊ मनाचा माणूस हाय तुझा बाप. नुसतं 'गिरणीतून दळण आणा' म्हनलं, तरी डोळे भरून येत्यात."