काचवाल्याने सोडलेले हात

काचवाला गप्पिष्ट गडी, पण स्वतःच्या दुखण्याबद्दल विचारलं की मूग गिळून बसायचा. मोठी काच वाहताना त्याचा पाय फरशीच्या फटीत अडकला, गुडघा पिरगळला आणि आतलं लिगामेंट तुटलं. सूज उतरली, पण गुडघ्याचा भरवसा गेला. जिना उतरताना गुडघा मध्येच निसटायचा.

डॉक्टर म्हणाले, "मांडीमागच्या स्नायूची दोरी काढून तिचं नवं लिगामेंट बसवू. मग नऊ महिने काही उचलायचं नाही."

तो उठूनच आला. एकोणीस वर्षांच्या लेकीच्या पायांत जन्मापासून बळ नव्हतं, घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टचा पत्ता नाही. रोज सकाळी तिला उचलून तो कोपऱ्यावरच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात कामावर नेऊन बसवायचा. तिथे तिचंच राज्य. मालकालाही दम भरायची. तिला नऊ महिने घरात कोंडायचं? त्याने ऑपरेशन लांबणीवर टाकलं.

काचेच्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात: काच निसटली तर धरायला जायचं नाही, हात सोडून मागे व्हायचं. नाहीतर बोटं जातात. तीस वर्षांत हे त्याच्या हाडीमांसी खिळलं होतं.

एका सकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुडघा निसटला, आणि त्याच्या हातांनी लेकीला सोडलं.

ती नऊ पायऱ्या गडगडली. खांदा मोडला, जबडा मोडला. मग त्याचंही ऑपरेशन झालं. टाळायला आता कारणच उरलं नव्हतं. लेक बरी झाल्यावर शेजारी तिला खाली न्यायला तयार होते. ती ऐकेचना. "बाबाच नेईल," म्हणायची. ते ऐकून तो मोरीत जाऊन रडायचा आणि दुप्पट व्यायाम करायचा.

वर्षाने डॉक्टरांनी गुडघा ओढून, वळवून पाहिला. "पक्का झालाय. उचला काय हवं ते."

तो जवळजवळ पळतच घरी आला. "चल गं, तुझा मालक फार शेफारलाय."

ती हसली, त्याच्या गळ्यात हात टाकले. त्याने तिला उचललं, दाराबाहेर आणलं. खाली जाणारा जिना दिसला मात्र, तिचं सगळं अंग थरथर कापू लागलं.

"बाबा, परत ठेव मला."

"या वेळी मरेन, पण सोडणार नाही गं."

"माहितीये रे मला. पण अंग ऐकत नाहीये. ठेव ना."

त्याने तिला आत नेऊन खुर्चीत बसवलं. आता दुकानातली शिवायची पुस्तकं तोच वर आणून देतो. गठ्ठा छातीशी धरून तीन मजले चढतो, उतरतो. गुडघा एकदाही निसटलेला नाही.