पोळ्याच्या दिवशीची सही

रिठदच्या सोजरबाईनं रस्त्याकाठचा आपला तुकडा शेतकऱ्यांच्या कंपनीला दालमिलसाठी दिला आणि बदल्यात शेअर घेतले. तेव्हापासून तिचे दिवस त्या मिलच्या आवारातच गेले. तूर निवडावी, आवारातल्या कडुलिंबाखाली भाकर खावी. "हे माह्यं दुसरं घर हाय," ती म्हणायची.

दरवर्षी पोळ्याच्या आधी कंपनीच्या सभेच्या विषयांचं जाड पुस्तक टपालानं येई. वाचत कोणीच नसे. पोळा फुटला, की कंपनीचे अध्यक्ष दौलतराव सजवलेली जोडी घेऊन दारोदार फिरत. बाया बैलांचे पाय धूत, बोजाऱ्याचे पैसे ताटात ठेवत, आणि त्याच ताटाशेजारी दौलतराव एक कागद ठेवत. सभेत माझं मत दौलतरावांनीच द्यावं, एवढंच त्यावर असे. दारात बैल उभा असताना नाही म्हणायचं नसतं.

"यंदा वाचू तं द्या, भाऊजी," सोजरबाई म्हणाली.

"कायले डोये फोडता, वयनी? दरसाली तेच रायते."

सोजरबाईनं सही केली. तरी बैल जागचा हलेना. त्याच्या शिंगाचा ओला लाल रंग दाराच्या चौकटीला लागला.

दुसऱ्या दिवशी घासूनही तो निघेना. तिला काही सुचेना, म्हणून तिनं पुस्तक उघडलं. शब्दांवरून सरकणारं बोट सहाव्या विषयावर थांबलं. मिल आणि खालची जागा साठ वर्षांसाठी भाड्यानं द्यायची होती. घेणारा पवन, अध्यक्षांचा मुलगा. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं, की सभासदानं स्वतः येऊन मत दिलं तर त्यानं सही केलेला कागद रद्द होतो.

ती शेजारच्या धुरपताबाईकडे धावली. "तुह्यं पुस्तक कुठी हाय वं?"

"चुलीत गेलं. काड्या वल्ल्या होत्या."

"सभेले चाल माय. माह्यी जागा चालली."

धुरपताबाईचा हात पिठात थांबला. "बैलासमोर देल्लं ते वापस घेते काय कोणी? अवदसा येईन घरात."

दारोदार हेच उत्तर मिळालं.

सभा मिलमध्येच होती. खुर्च्या रिकाम्या, पंखा फिरत होता. दौलतरावांपुढे सह्यांच्या कागदांचा गठ्ठा, वर बैलाच्या गळ्यातली घाटी ठेवलेली.

"या वयनी. सारं गाव हजर हाय."

सहावा विषय आला. सोजरबाईनं विरोधात हात वर केला. दौलतरावांनी घाटी उचलली, तिचा कागद शोधून तिच्याकडे सरकवला, आणि घाटी पुन्हा गठ्ठ्यावर ठेवली.

बाहेर लिंबाच्या बुंध्याला पवन मापाचा टेप लावत होता.