व्याह्यांच्या कॉम्प्युटरचा पोळा

पोळ्याच्या दिवशी कॉम्प्युटरला सुट्टी देणारा माणूस अख्ख्या जगात एकच आहे आणि तो माझा व्याही आहे. मुलाचं लग्न ठरवताना आपण मुलगी बघतो, घर बघतो, शेती किती ते विचारतो; व्याही कॉम्प्युटरला हळद लावतात का, हे विचारायचं कोणाला सुचणार? सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी ही गोष्ट चारचौघांत काढत नसे. आता मात्र कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

आरमोरीपासून आत, धानाच्या बांध्यांनी, म्हणजे भातखाचरांनी, वेढलेल्या गावात ते राहतात. लेकीनं, म्हणजे आता माझ्या सुनेनं, कॉम्प्युटरच्या शिक्षणाला प्रवेश घेतला तेव्हा त्यांनी घरची बैलजोडी विकून तिला डेस्कटॉप आणून दिला. नांगरणीला भाड्याचा ट्रॅक्टर येऊ लागला, गोठा रिकामा झाला. पण बैल सांभाळायची सवय हातातून अशी लगेच जात नाही. ती सगळी त्या काळ्या डब्याच्या वाट्याला आली. पहिल्या वर्षी तर पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैल धुवायच्या वेळेला, त्यांनी डबा खांद्यावर घेऊन सरळ तलावाची वाट धरली होती म्हणे. लेक धावत जाऊन आडवी आली म्हणून तो वाचला. त्यानंतर आरमोरीच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडे जाऊन त्यांनी इतके प्रश्न विचारले की तो बिचारा यांना लांबून बघितलं की चहा प्यायला निघून जाई. पण विद्या पूर्ण घेऊनच ते परतले.

त्यांच्या घराला लागूनच धानाची गिरणी आहे, त्यामुळे वर्षभरात डब्यात कोंड्याचा गादीसारखा थर बसतो. तो काढण्याचा सोहळा पोळ्याच्या आदल्या दिवशी अंगणात होतो. आधी कॉम्प्युटर बंद, मग सगळ्या वायरी सोडवायच्या, मग चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं, आत उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून. मग ते चिमूटभर कोंडा हवेत सोडून वारा कुठला आहे ते बघतात, जसं धान उफणताना बघतात, आणि धूळ पलीकडे जाईल अशा बेतानं बसतात. झाकण उघडलं की आतल्या उघड्या लोखंडाला हात लावून जरा थांबायचं. "बैलाच्या आंगाले एकदम हात नाई लावत, इवाईबुवा. आधी वळख द्याची. आपल्या आंगात बी करंट रायते, तो इथी उतरते." मग कोरा, मऊ ब्रश आणि सायकलचा पंप. हवा मारताना आतला पंखा गरगरू नये म्हणून एका बोटानं पाती धरून ठेवायची. वीज देणारा जो बंद डबा कोपऱ्यात असतो, त्याला मात्र ते बाहेरूनच झाडतात. "तो मारका हाये. वायर काढली तरी लाथ मारते. त्याले खोलाचंच नाई."

एकदा मी मदत करावी म्हणून वाकून जोरात फुंकर मारली. मी चंद्रपुरात तीस वर्षं ऑफिसात काढलेला माणूस, कळफलकावरची धूळ फुंकण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी असा हात मध्ये घातला की मी दचकलोच. "काऊन फुकून राह्यले? चूल व्हय का थे? थुका जाते ना आत!" तेव्हापासून मी तिथे फक्त गप्पा मारायला बसतो. सगळं जागेवर बसलं की ते डब्याला बाहेरून हळदीचं बोट लावतात आणि बैलांना आदल्या दिवशी जेवणाचं आमंत्रण देतात तसं अगदी गंभीरपणे म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आणि दुसऱ्या दिवशी, काही झालं तरी, त्याचं बटण दाबायचं नाही.

काही झालं तरी, असं म्हणायला सोपं असतं. एका पोळ्याला आम्ही सगळे त्यांच्याकडे असताना सकाळीच सुनेच्या मोबाईलवर निरोप आला की हैदराबादच्या कंपनीची मुलाखत आजच, दुपारी. स्क्रीनवर काम करून दाखवायचं होतं, मोबाईलवर भागणारं नव्हतं. आधीची एक संधी हातातून गेल्यापासून ती अर्धी झाली होती. ती वडिलांपुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, घंटाभर चालू करू द्या."

"पोळ्याच्या दिशी जू? पाप लागन मले."

"बैल हाये तं पुरनपोळी काऊन नाई चारत त्याले?" विहीणबाई आतून कडाडल्या. मी म्हटलं, "अहो, मशीन आहे ते." त्यावर व्याह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. सून मात्र हळूच म्हणाली, "बाबा, माह्या कामासाठीच आनला ना तुमी त्याले? माहं काम अजून झालंच नाई."

ते उठले. डब्यावर तळहात ठेवून काही वेळ उभे राहिले. "आजचा दिस चाल रे बापा," म्हणाले, "उद्या तुहा पोळा." बटण दाबलं, आणि डबा नुसता पीं पीं करून ओरडायला लागला. पडदा काळाच. सुनेचा चेहरा पांढरा पडला. माझ्याही मनात आलं, रागावला बहुतेक. व्याही तेवढे शांत. वायर काढली, झाकण उघडलं, लोखंडाला हात लावला आणि मेमरीची पट्टी दोन्ही टोकांनी दाबून टक् करून बसवली. "काल सैल बसली. तुमी लईच बोलून राह्यले होते," एवढंच मला म्हणाले. वायर जोडून बटण दाबलं, पडदा उजळला. मी त्या पडद्याला मनातून नमस्कार केला, खोटं कशाला सांगू.

मुलाखत सुरू झाली आणि तोरणाखालून सुटलेले बैल डफड्यांच्या दणदणाटात आमच्याच गल्लीत वळले. व्याही अनवाणी धावत गेले आणि हात जोडून सगळ्यांपुढे उभे राहिले. "माहा आज कामावर हाये रे. जराक दमानं." कोणी हसलं नाही. डफडी थांबली. गावातले सगळे बैल आमच्या दारावरून नुसत्या घुंगरांच्या आवाजात गेले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी हा आवाज कसला म्हणून विचारलं तेव्हा सुनेनं पोळ्याचं सगळं सांगितलं, आणि बोलता बोलता तिची भीती गेली. नोकरी मिळाली. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरला ठरल्याप्रमाणे सुट्टी होती.

आता मुलगा-सून हैदराबादला असतात. कंपनीनं तिला लॅपटॉप दिला आहे. मागच्या पोळ्याला ती येऊ शकली नाही, फोनवर म्हणाली, "बाबा, तो डबा आता भंगारात देऊन टाका." व्याही ब्रशनं पंख्याची पाती पुसत होते. शेवटचं पातं पुसून त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"बैल इकले तवा मी मांगं वळून नाई पाह्यलं, माय," ते म्हणाले. "त्यायनं पाह्यलं."

फोन ठेवून त्यांनी हळदीची वाटी पुढे ओढली.

यंदा मला तिकडे जाता आलं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी चंद्रपुरातल्या माझ्या गॅलरीत माझा जुना कॉम्प्युटर काढून बसलो. आमच्याकडची धूळ कोळशाची, काळी. वायरी काढल्या, लोखंडाला हात लावला, पंख्याची पाती बोटानं धरली. सगळं झाल्यावर हळदीचं बोट लावलं आणि कोणी बघत नाही असं बघून आवतनही दिलं.

"कोनाले जेवाले बोलावून राह्यले?" बायकोनं आतून विचारलं.

मी पाणी प्यायला आत गेलो, तर तिनं उद्याच्या पुरणाची डाळ काढून ठेवली होती. घरात आम्ही दोघंच, डाळ मात्र तिघांच्या अंदाजानं.