दगडाबाईचा मिठाचा खड्डा

...न्हाई रे, करणीबिरणी काही नव्हती, नुसतं मीठ अन् कोळसा व्हता. तू लिव नीट. दगडाबाईनं तो खड्डा आपल्या हातानं खांदला, अन् कशापायी खांदला ते लोकाला म्हाईतच न्हाई.

पोखर्णीच्या अलीकडं तिचं घर. दोन खोल्या मातीच्या, एक सगळी पत्र्याची. शहाऐंशीच्या चैतात तिची लेक पार्वती पहिल्या बाळंतपणाला चुडाव्याहून यायची व्हती. पत्र्याची खोली तिच्यासाठी सारवली. लेकीला उकडू नये म्हणून नवऱ्यानं, आश्रुबानं, परभणीहून लोखंडी टेबलपंखाबी आणला.

एका सकाळी पंखा आत फिरायलाय, अन् दगडाबाई वलं लुगडं पत्र्याला बांधलेल्या तारंवर टाकायला गेली. हात असा झिणझिणला की लुगडं मातीत पडलं. ती खाली बसली, हात चोळला. स्वतःचं तिला काही वाटलं न्हाई. डोळ्यापुढं पार्वती आली, न्हाऊन वल्या अंगानं पत्र्याला टेकलेली.

तिनं वायरमन बन्सीधरला धरून आणलं. त्यानं पंखा उघडला. आतली वायर सोलली व्हती, ती बांधली. मग अर्थिंगची तार शोधतोय तर ती पत्र्याला गुंडाळलेली. खरं तर ती आदी म्हशीच्या, जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुट्ट्याला बांधलेली व्हती. पण उन्हाळ्यात म्हैस मळ्यातल्या लिंबाखाली असती, म्हणून आश्रुबानं खुट्टा उपटून तिकडं नेला, अन् तार लोंबू नये म्हणून पत्र्याला चांगले चार वेढे दिले. जमिनीत जायचा करंट सगळा पत्र्यात आला.

"तार म्हशीची व्हती का लाईटची?" दगडाबाईनं इचारलं. आश्रुबा तंबाखू मळीत राह्यला.

बन्सीधर म्हणला, खुट्टा परत रोवा, झालं.

"आन् वायर पुन्यांदा सोलली तर?"

मग त्याला खरं सांगावं लागलं. काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं, वरची माती कोरडी ठाक, ती करंट घेत न्हाई. पुरुषभर खड्डा पाहिजे, मधी लोखंडी पाईप, भवतीनं कोळशा-मिठाचे थर, अन् वल कायम.

दगडाबाईनं त्याच दिवशी पहार उचलली. चार दिवस खांदलं. मधी पाईप उभा केला, लोहाराकडून कोळसा आणला, वर पोतंभर खडेमीठ. शेजारच्या नर्मदाबाईनं ते बघितलं, करणी म्हणून बोभाटा केला, अन् आठ दिवसांत चुडाव्याहून इहिणीचा, बायनाबाईचा, निरोप आला. गरवार बाईच्या दाराशी मीठ-कोळसा पुरतात, त्या घरी सून पाठवायची न्हाई.

आश्रुबा म्हणला, बुजव तो खड्डा, लेकीपेक्षा मोठा हाय का.

"लेकीसाठीच हाय त्यो. लेकबी येईल अन् खड्डाबी राहील," ती म्हणली, अन् इहिणीला सांगावा धाडला, एकदा येऊन डोळ्यानं बघा.

नामांतराच्या मोर्च्यानं एसट्या बंद व्हत्या, तर बायनाबाई रेल्वेनं आली, गाडी बदलून, घुश्शातच. पाणीबी घेईना. दगडाबाईनं बन्सीधरला उभं केलं. त्यानं म्हशीचा खुट्टा आणून जुन्या जागी ठोकला, बल्बाची एक वायर लाईटला लावली, दुसरी खुट्ट्याला. बल्ब विझत्या निखाऱ्यागत तांबडा. तीच वायर खड्ड्यातल्या पाईपाला लावली, अन् भर उन्हात बल्ब असा पेटला की डोळ्यापुढं हात धरावा लागला.

"पुरा पेटला, म्हंजी जमीन करंट घ्यायली," दगडाबाई म्हणली. मग अर्थिंगची तार पत्र्यावरून सोडून पाईपाला जोडून घेतली, पंखा चालू केला, हात पाण्यात बुडवला अन् पंजा पत्र्यावर ठिवला. तशीच उभी राह्यली, इहिणीकडं बघत.

बायनाबाईनं खड्ड्यातला खडा उचलला, जिभंला लावला, थुकला. "मीठच हाय की," म्हणली. मग तिनंबी हात वला केला अन् पत्र्याला लावला. बराच वेळ काढला न्हाई.

"परवाच्या गाडीनं आणते पार्वतीला. पण ह्यात रोज पाणी कोन वतल?"

दगडाबाईनं न्हाणीची मोरी दावली. चर खांदून तिनं ती खड्ड्याकडं वळवली व्हती. बाळंतिणीच्या अन् लेकराच्या आंघोळीचं पाणी तिकडंच जायचं, दुसरं पाणी लागणारच न्हाई.

पोरगी झाली पार्वतीला, त्याच खोलीत, पंख्याखाली.

आता हे कुनी वाचीत असंल, त्याला म्हणावं, तुज्या वळखीत पत्र्याच्या घरात कुनी नवी लाईट घेतली असंल, तर त्या घरच्या बाईला एवढं सांग. वायरमन जायच्या आदी त्याला म्हण, अर्थिंगला बल्ब लावून दाव, अन् पुरा पेटस्तोवर त्याला दारातून हलू देऊ नको.