पडद्यावरची मुलगी प्रत्येक प्रश्नाला हो म्हणाली

मंडळी, कुंभकोणमच्या ब्राउझिंग सेंटरमधून लिहितोय. मन थाऱ्यावर नाही.

मी बालगृहात मुलांचे जबाब लिहून घेतो. आज आम्हाला कॉम्प्युटरनं बनवलेल्या, हाताला जखम झालेल्या मुलीचा जबाब घेण्याचा सराव दिला. पडद्यावरच्या मुलीला मी विचारलं, "मामानं मारलं का?" तिनं होकार दिला. "काकानं?" होकार. "शेजाऱ्यानं?" पुन्हा होकार.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तम्बी, अरे भावा, आता कोण उरलं? ती पायरीवरून पडली होती. काय झालं, हे तू विचारलंच नाहीस."

मागच्या आठवड्यात एका खऱ्या मुलीला मी असंच, "मामानं मारलं का?" विचारलं. ती "आमा, सार", म्हणजे हो सर, म्हणाली, मी "हो" लिहिलं आणि मामाची भेट बंद झाली.

बालगृहाचे साहेब म्हणतात, "सही झालेला कागद उकरू नकोस." तरी तिचा जबाब पुन्हा घ्यावा म्हणून उद्या मी अर्ज देणार. पण आता ती खरं सांगेल, की मला हवं ते? तुम्ही मुलांचं खरं-खोटं कसं ओळखता?