नावे पुसलेला प्रोग्राम

पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मी सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याच्या डिझाइन विभागात लागले, ती तात्पुरती म्हणूनच. तिथे मी एक प्रोग्राम लिहिला. चित्र दिले की त्याचा आलेख तयार करून कोणता धागा केव्हा उचलायचा, हे तो नक्षी विणणाऱ्या जकार्ड यंत्राला सांगत असे. मला हव्या असलेल्या पुण्यातल्या प्रोग्रामरच्या नोकरीसाठी दाखवण्याजोगे माझ्याजवळ तेवढे एकच होते.

मालक तेलुगू विणकर घराण्यातले; लेकीच्या वयाच्या मुलीलाही 'अम्मा' म्हणत. आमच्यासाठी जॉबवर्कवर, म्हणजे मजुरीने, विणून देणाऱ्या कारखान्यांना प्रोग्राम देण्याचे ठरले, तेव्हा मी त्यांना दाखवले की ही फाइल झिप फाइलसारखी सहज उघडते आणि आतली ओळ न् ओळ वाचता येते.

"म्हणजे कुणीही बघणार?"

"बघायचं ठरवलं तर."

"अम्मा, आपला टॉवेल बाजारात गेला की समोरचा भिंग लावून धागे मोजतो. वर हेही वाचायला देऊ त्याला?"

संगणकाला प्रोग्राम वाचावाच लागतो, त्यामुळे पक्के कुलूप शक्य नाही, हे मी स्पष्ट सांगितले. सहज डोकावणाऱ्याला मात्र थोपवता येईल. ते काम मी नेटाने केले. ओळींचा अर्थ सांगणाऱ्या टिपा काढून टाकल्या. ताणा, बाणा, काठ ही मी दिलेली नावे जाऊन निरर्थक अक्षरे आली. उरले ते नुसत्या डोळ्यांना वाचता येणार नाही अशा रूपात बांधले. मूळ प्रत मालकांनी पेन ड्राइव्हवर घेतली, संगणकावरची पुसायला लावली आणि पेन ड्राइव्ह नमुन्यांच्या कपाटात ठेवून दिला.

मुलाखतीचे बोलावणे आले तेव्हा मी ती प्रत मागितली.

"नमुना एकदा दाखवला की आपला राहत नाही, अम्मा. चालवून दाखव की. चालतो ना?"

चालला. पुण्यात मुलाखतीच्या खोलीत पडद्यावर मोराचा आलेख बिनचूक उमटला. समोरच्या बाई म्हणाल्या, "छान आहे. पण आम्हाला तुमचं लिहिणं बघायचंय." मी फाइल उघडली. आत अक्षरांचा गाळ होता. मी तर्क तोंडी मांडत गेले. त्या शांतपणे ऐकत राहिल्या.

"तुमचंच असेल. पण यावरून मला काही ठरवता येत नाही."

नकाराचा मेल आला त्या दिवशी मी नेहमीच्या वेळी कामावर गेले. मालकांनी चहा मागवला.

"उघडलं का त्यांना?"

"नाही."

"पुण्याच्या लोकांनाही नाही?" त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच निर्धास्तपणा दिसला. "मग काम पक्कं झालं, अम्मा."

मी पुढच्या टॉवेलचे चित्र उघडले.